शिट्टी मारणारं भांडं: तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण अँडीजमधल्या शिट्टीच्या भांड्यांवर एक छोटी चौकट छापली होती. इक्वाडोर आणि पेरूच्या किनाऱ्यावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीपासून लोक अशी मातीची भांडी करायचे की ज्यात पाणी घालून हलवलं की फुंकर न मारता शिट्टी वाजते, आणि हे सगळं कुंभाराच्या चाकाशिवाय, एवढंच त्यात होतं, आणि सोबत एक फोटो. बाकी लेख राहिले बाजूला आणि मेल, व्हॉट्सॲप सगळे ह्या चौकटीवरच आले. त्यातले निवडक घेतेय, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (सांगली): ताई, फोटोत दोन गडवे एकमेकांना चिकटवल्यासारखे दिसतायत, एकाला उभी तोटी आहे आणि दुसऱ्यावर पक्षी बसलाय. पण शिट्टी कुठाय? आणि फुंकणारं कोणी नाही तर हवा येते कुठून? माझा मुलगा म्हणतो हे सगळं एआयचं आहे.

उत्तर: मुलाला सांगा की संशय घेणं चांगलंच, पण ही भांडी खरी आहेत आणि म्युझियममध्ये ढिगाने आहेत. रीलवर दिसतं ते बहुतेक वेळा हल्ली केलेली प्रतिकृती असते, कारण हजार-दीड हजार वर्षं जुन्या भांड्यात पाणी ओतून हलवायला कुठलं म्युझियम सहजासहजी परवानगी देणार!

आता शिट्टी. ती पक्ष्याच्या डोक्यात लपवलेली असते. हे जे दोन गडवे आहेत ते खालच्या बाजूला एका नळीने आतून जोडलेले असतात आणि वर एक पट्टी असते, धरायला. तोटीतून साधारण निम्मं भरेल एवढं पाणी घालायचं, खालच्या नळीतून ते दोन्हीकडे सारखं होतं. मग भांडं तोटीच्या बाजूला कलतं करायचं, की पाणी तिकडे जातं आणि पक्ष्याच्या बाजूचा गडवा रिकामा होत हवा आत घेतो. ह्या वेळी फारसा आवाज येत नाही. आता उलटं कलतं करा. पाणी परत पक्ष्याखाली येतं आणि तिथल्या हवेला बाहेर पडायला एकच वाट ठेवलेली असते, ती म्हणजे शिट्टीकडे जाणारी बारीक फट. हवा त्या फटीतून जोरात निघते आणि समोरच्या छोट्या पोकळ गोळ्याच्या भोकाच्या काठावर आपटते आणि शिट्टी वाजते. पाण्याने पिचकारीच्या दट्ट्याचं काम केलं, बस. डोळ्यांना किंवा मानेपाशी बारीक भोकं असतात, आवाज तिथून बाहेर येतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पक्षीच बोलला.

हळू कलतं केलं तर लांब बारीक सूर येतो आणि हिसका दिला तर खालच्या नळीत बुडबुडे होऊन तोच सूर थरथरतो. सगळीच भांडी जोडगोळी नसतात हां, एकाच पोटाची पण असतात, विशेषतः जुनी. सगळ्यात जुनी म्हणून जी सांगतात ती इक्वाडोरच्या किनाऱ्यावरच्या चोरेरा संस्कृतीची, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. तिथून पुढे उत्तर पेरूत विकूस, मोचे, लाम्बायेके, चिमू ह्या संस्कृती आणि सगळ्यात शेवटी इंका. जवळजवळ दोन हजार वर्षं एक आयडिया चालू राहिली, राज्यं आली गेली, भाषा बदलल्या, आणि शिट्टी तशीच.

प्रश्न (चिपळूण, शाळेत विज्ञान शिकवतो): जत्रेत ती प्लास्टिकची चिमणी मिळते ना, पाणी घालून फुंकली की चिवचिव करते, तेच ना हे? आणि वर्गात करून दाखवता येईल का?

उत्तर: तेच नाही सर, पण प्रश्न मस्त आहे. जत्रेतल्या चिमणीत हवा तुमच्या तोंडातून येते आणि पाणी फक्त मधे लुडबुड करतं, त्याने सूर वरखाली होतो म्हणून चिवचिव. ह्या भांड्यात पाणी हवा ढकलतं, पण शिट्टीच्या गोळ्यात ते जात नाही, त्यामुळे सूर साधारण एकाच जागी राहतो. म्हणजे एकीत पाणी सूर बदलायला आहे आणि दुसऱ्यात सूर काढायला.

वर्गात करायचं तर दोन प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, बुडाजवळ भोकं पाडून जाड नळीने जोडा, एम-सीलने पक्कं करा. एका बाटलीचं तोंड उघडं ठेवा, दुसरीच्या झाकणात शिट्टी बसवा. आता उघडी बाटली वर उचलली की पाणी दुसरीत येतं आणि हवा शिट्टीतून निघते. एक घोळ होतो, पीटीच्या सरांची ती वाटाणा असलेली शिट्टी घेतली तर नुसतं फुस्स होतं, तिला माणसाच्या छातीचा जोर लागतो. अगदी बारीक फटीची, हलक्या फुंकरीला वाजणारी शिट्टी शोधा, आणि जोडणारी नळी मात्र जाड पाहिजे, पाणी जितकं भरभर जाईल तितकं बरं. मुलांना ह्यातून एक गोष्ट पटकन कळते की एवढ्याशा जोरावर वाजणारी शिट्टी मातीची करणं हे काय काम असेल.

प्रश्न (भद्रावती, जि. चंद्रपूर): आमचा पिढीजात कुंभारकामाचा धंदा आहे. चौकटीत लिहिलंय की त्या लोकांकडे चाक नव्हतं. चाकाशिवाय इतकं गोल, आणि आत शिट्टी, कसं बसवलं असेल? पोट बंद झाल्यावर हात तर आत जात नाही.

उत्तर: दादा, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र आवडलं, कारण बाकी सगळे आवाजाच्या मागे आणि तुम्ही बरोब्बर अडचणीच्या जागी बोट ठेवलंत.

चाक खरंच नव्हतं, स्पॅनिश लोक येईपर्यंत अख्ख्या अमेरिकेत कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भिंत चढवायची, किंवा साचे. मोचे लोक दोन अर्ध्या भागांचे साचे वापरायचे, प्रत्येक अर्ध्यात माती दाबून बसवायची, थोडी आवळली की दोन्ही अर्धी चिखलाने जोडायची. चिमूंनी तर साच्यावर जवळजवळ कारखाना चालवला. आणि उत्तर पेरूच्या पिउरा भागात आजही काही कुंभार आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटून मडकं वाढवतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साचा अर्धा-अर्धा असतो ह्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पोट बंद करायच्या आधी सगळं आतलं काम उरकायचं. शिट्टीचा गोळा वेगळा करायचा, पोकळ, साधारण मोठ्या गोटीएवढा किंवा थोडा मोठा, त्याला वर एक भोक. मग एक बारीक चपटी फट अशी बसवायची की तिच्यातून आलेली हवा भोकाच्या समोरच्या काठावर तिरकी घासून जाईल. इथे काडीभर फरक पडला तरी खेळ संपला, हवा भोकाच्या वरून गेली तरी मुकी, सरळ आत गेली तरी मुकी. म्हणून हे ओल्या मातीत करून, फुंकून बघून, जागेवर आणून, मग माती कातड्यासारखी झाली की भांड्यात बसवायचं आणि वर पक्ष्याचं किंवा माणसाचं डोकं चढवायचं. हे सगळं आता एक्स-रे आणि सीटी स्कॅन करून बघितलंय संशोधकांनी, भांडं न फोडता आतली नळी, गोळा, फट सगळं दिसतं.

पुढची गंमत तुम्हालाच कळेल. माती सुकताना आणि भाजताना आठ-दहा टक्के आवळते, म्हणजे गोळाही लहान होतो आणि भोकही, आणि लहान गोळ्याचा सूर वर चढतो. ओल्या मातीत जो सूर ऐकला त्यापेक्षा भट्टीतून निघालेला जवळजवळ एक स्वर उंच. एखादी भेग, सांध्यात सुईएवढी गळती, की हवा तिथून निघून जाते आणि भांडं दिसायला सुंदर पण मुकं. चिमूंची ती काळी चकचकीत भांडी तर भट्टी कोंडून, धूर आत ठेवून काळी केलेली आहेत, म्हणजे भाजताना डोळ्यांनी काही दिसत नाही, अंदाजावर सगळं. करून बघाच तुम्ही, आधी नुसती शिट्टी करा, ती हलक्या फुंकरीला वाजायला लागली की मग भांड्याच्या नादी लागा. आणि वाजलं तर आम्हाला आवाज पाठवा, व्हॉट्सॲपवर.

प्रश्न (पुणे): आमच्या सोसायटीत एक साउंड हीलिंगचं वर्कशॉप होतंय, फी बरीच आहे. त्यात म्हणे पेरूची ही भांडी वाजवणार, आणि पत्रकात लिहिलंय की "इंकांची तीन हजार वर्षं जुनी ४३२ हर्ट्झची उपचार फ्रिक्वेन्सी". जाऊ का? ह्यात खरं किती?

उत्तर: जायचं की नाही ते तुमच्या खिशावर, छान शांत बसून शिट्ट्या ऐकायला कोणाला आवडणार नाही. पण पत्रकातलं एकेक घेऊया.

आधी तीन हजार वर्षं जुने इंका. इंकांचं साम्राज्य पंधराव्या शतकात वाढलं, चिमूंचं राज्य त्यांनी १४७० च्या सुमाराला घेतलं, आणि १५३२ मध्ये स्पॅनिश सरदार पिझारो पेरूतल्या काहामार्काला येऊन धडकला. म्हणजे साम्राज्य म्हणून त्यांना शंभर वर्षंच मिळाली. भांडी त्यांच्या कितीतरी आधीची, आणि ज्यांनी ती सगळ्यात हौसेने केली ते इंका नव्हतेच.

मग ४३२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४३२ कंप. इथे जरा गणित करू, सोपं आहे. असल्या पोकळ गोळ्याचा सूर ठरतो आतली जागा किती आणि भोक केवढं ह्यावर. आतून अडीच सेंटीमीटरचा गोळा आणि आठ मिलिमीटरचं भोक धरलं आणि भिंत तीनेक मिलिमीटर, तर सूर येतो साधारण १४०० हर्ट्झ. त्याच भोकाला ४३२ हर्ट्झ काढायचे तर गोळा आतून साडेपाच सेंटीमीटरचा लागेल, आतली जागा अकरा पट! एवढं धूड त्या पक्ष्याच्या डोक्यात मावणार कसं? ही भांडी उंच, टोचणाऱ्या सुराची आहेत, आपला कान जिथे सगळ्यात तिखट असतो त्या बाजूला झुकणारी.

आता हीलिंगचं खूळ आलं कुठून ते. ह्याच्या मुळाशी एक खरी आणि मला विचाराल तर भन्नाट गोष्ट आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका लिलावात डॅनियल स्टॅटनेकोव्ह नावाच्या माणसाने असं एक भांडं घेतलं. त्यात फुंकून बघितलं आणि त्या आवाजाने तो इतका हलला की पुढे आयुष्य त्याच्याच मागे घालवलं, मातीकाम शिकला, स्वतः प्रतिकृती करायला लागला, सात-सातचे संच. इथपर्यंत एका माणसाचा अनुभव. पण तो थांबला नाही, स्टीव्हन गॅरेट ह्या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं आणि दोघांनी मिळून नऊ वेगवेगळ्या संस्कृतींची ७३ भांडी वाजवून मोजली. १९७७ मध्ये ते अमेरिकेच्या ध्वनिशास्त्राच्या जर्नलमध्ये छापून आलं. त्यांना दिसलं की एका संस्कृतीची भांडी सुराने एकमेकांच्या जवळपास असतात, प्रत्येकीचा आपला एक पट्टा.

त्याआधी बरेच लोक म्हणायचे की ती शिट्टी म्हणजे नुसतं हवेचं भोक, पातळ पदार्थ नीट ओतता यावा म्हणून, आवाज आपला चुकून येतो. ह्या दोघांनी म्हटलं छे, आवाज हाच हेतू. आणि ह्यात ते बरोबर आहेत असं मला वाटतं, कारण ओतताना हवा बाहेरून आत जाते आणि आत जाणारी हवा त्या काठावर नीट आपटतच नाही, शिट्टी वाजते ती पाणी उलटं आल्यावर. हवेसाठी भोक पाहिजे होतं तर एक भोक पाडलं असतं, गोळा, फट, काठ हा एवढा खटाटोप कोण करेल? वर भद्रावतीच्या दादांना लिहिलंय ते वाचा म्हणजे पटेल.

पण मग पुढची उडी मारली गेली, की जवळजवळच्या सुराची बरीच भांडी एकत्र वाजवली की दोन सुरांमधल्या फरकाचा एक तिसरा घुमणारा आवाज कानात तयार होतो आणि त्याने मन वेगळ्या अवस्थेत जातं, आणि भांडी त्यासाठीच होती. पहिला अर्धा भाग खरा आहे, तंबोऱ्याच्या तारा जुळवताना ज्यांनी ते डुलणं ऐकलंय त्यांना माहितीय. दुसरा अर्धा मोजमापातून निघत नाही. एका संस्कृतीची भांडी एका सुराजवळ का, ह्याचं साधं कारणही असू शकतं, गावातले कुंभार एकाच सवयीने, एकाच मापाची बोटं आणि साचे वापरून गोळे करत असतील तर सूर जवळच येणार. आणि ती भांडी सहा-सात जणांनी गोल बसून एकत्र वाजवायची, हे कोणी बघून लिहून ठेवलेलं नाही. अँडीजमध्ये लिपी नव्हती, गाठींच्या दोऱ्यांचे किपू होते. म्युझियममधली खूपशी भांडी थडगी लुटणाऱ्यांच्या हातून आलीयत, त्यामुळे थडग्यात ती कशाजवळ, कोणाच्या हाताशी होती हा पुरावाच पुसला गेलाय. हे मला सगळ्यात जास्त चीड आणणारं आहे. भांडं वाचलं आणि त्याच्याभोवतीचं सगळं गेलं.

आवाजाचं त्या लोकांना वेड होतं ह्यात मात्र शंका नको. नाझ्का लोक बासऱ्यांचे जुडगे चक्क मातीचे करायचे. पेरूच्या डोंगरात चाविन दे वान्तार नावाचं मोठं दगडी देवस्थान आहे, तिथे २००१ मध्ये एका भुयारी खोलीत वीस शंख सापडले, वाजवायचे शंख हो, टोक कापून, वर नक्षी कोरून, वापरून वापरून घासलेले. ते आजही वाजतात. एवढं खरं खरं असताना ४३२ कशाला पाहिजे म्हणते मी.

प्रश्न (कोल्हापूर): पाण्याचाच वापर का केला असेल? फुंकून वाजवणं सोपं नव्हतं का? आणि त्यात पाणी घालत की दारू?

उत्तर: फुंकूनही वाजतात, तोटीला तोंड लावलं की झालं. आत काय घालत ह्याबद्दल मक्याची चिचा, म्हणजे तिकडची आंबवलेली बिअर, हे नाव नेहमी घेतलं जातं, कारण सण असो की मयत, चिचाशिवाय पान हलत नसे. अखंड भांडी बहुतेक थडग्यांतच टिकली, म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर ती जात हे नक्की.

पाण्याचं म्हणाल तर ती जागा बघा. उत्तर पेरूचा किनारा म्हणजे समुद्राला लागून वाळवंट, थंड प्रवाहामुळे पाऊस जवळजवळ नाहीच, जे काय पाणी ते डोंगरावरून येणाऱ्या नद्यांचं. मोचे आणि चिमू जगले ते कालव्यांवर, चिमूंनी तर शेजारच्या चिकामा नदीचं पाणी आपल्या खोऱ्यात आणायला लांबलचक कालवा खणायला घेतला होता. आणि अधूनमधून एल निनोचा मुसळधार पाऊस आला की तेच पाणी सगळं धुऊन न्यायचं. पाणी हलवलं की बोलणारं भांडं अशा ठिकाणी जन्माला यावं ह्यात मला तरी योगायोग वाटत नाही, पण हे माझं मत.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही डिसेंबरमध्ये पेरूला चाललोय, माचू पिचू वगैरे. ही भांडी कुठे बघायला मिळतील? आणि एखादं जुनं विकत मिळालं तर आणता येईल का?

उत्तर: बघायला राजधानी लिमातलं म्युझेओ लार्को हे म्युझियम. राफाएल लार्को ओइले ह्यांनी १९२६ मध्ये सुरू केलेलं, आणि त्याची खासियत अशी की गोदामसुद्धा लोकांना उघडं आहे, कपाटांच्या रांगाच्या रांगा आणि त्यात विषयवार लावलेली हजारो भांडी, एका फळीवर नुसती घुबडं, एका फळीवर नुसते बटाटे-मके. दोन तास कमी पडतात. वेळ असेल तर माचू पिचूच्या गर्दीतून एक-दोन दिवस काढून उत्तरेला त्रुहियोला जा, तिथे चिमूंची चान चान ही मातीच्या विटांची राजधानी आणि मोचे लोकांचं वाका दे ला लुना हे देवस्थान दोन्ही जवळजवळ आहेत. सगळे माचू पिचूच्या बाजूला कुस्कोला जातात आणि उत्तर कोणी बघत नाही, आणि ही भांडी तर उत्तरेची.

जुनं आणायचं नाव काढू नका. पेरूत स्पॅनिश येण्याआधीच्या वस्तू देशाचा वारसा मानल्या जातात, त्या बाहेर न्यायला बंदी आहे, आणि अमेरिकेचा पेरूशी १९९७ पासून करार आहे त्यामुळे तुमच्याकडच्या कस्टम्सलाही ते चालत नाही. रस्त्यावर कोणी कानाशी येऊन "खरं आहे, थडग्यातलं" म्हणाला तर दोनच शक्यता, एक तर ते नकली आहे आणि तुम्ही फसलात, नाहीतर खरं आहे आणि तुम्ही चोरीचा माल घेताय.

नवीन मात्र जरूर घ्या. पिउराजवळ चुलुकानास गावचे कुंभार जुन्या विकूस पद्धतीवरून उचलून फार देखणं काम करतात, लिमातही मिळतं. शिट्टीचं भांडं घेणार असाल तर दुकानातच पाणी मागून वाजवून बघा, नुसतं शोभेचं मुकं भांडं गळ्यात मारतात. बिल जपून ठेवा, आणि प्रतिकृती फारच हुबेहूब असेल तर ती वारसा-वस्तू नाही असं तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाचं प्रमाणपत्र मिळतं ते करून घ्या, नाहीतर विमानतळावर बॅग उघडून बसावं लागेल. पाणी पूर्ण काढून, वाळवून, केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनला दिलं तर शिट्टीचं डोकं आधी तुटतं.